परदेशी बँक येते कशी यापेक्षा जाते कशी ते बघा

ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन दिवाळीत, दुबईच्या एमिरेट्स एनबीडीने जाहीर केलं की आरबीएल बँकेचा साधारण ६० टक्के हिस्सा आम्ही घेतोय, सुमारे २६,८५० कोटी रुपयांना. बिझनेस चॅनलवाल्यांनी आकडा मिरवला, पण कोल्हापूर-सांगली-इचलकरंजीकडच्या लोकांच्या मनात पहिला प्रश्न वेगळाच आला, की ही आपली रत्नाकर बँकच ना? हो, तीच. १९४३ साली कोल्हापुरात सुरू झालेली, व्यापाऱ्यांची बँक. २०१० मध्ये बँक ऑफ अमेरिकेचं भारतातलं काम बघणारे विश्ववीर आहुजा तिथे येऊन बसले, मग नाव आरबीएल झालं, २०१६ मध्ये बँक शेअर बाजारात आली, क्रेडिट कार्डं जोरात वाटायला लागली, आणि आता दुबई. रजिस्टर्ड ऑफिस मात्र अजून कोल्हापुरातच.

त्याच वर्षी मे महिन्यात जपानच्या सुमितोमो मित्सुईने येस बँकेत २० टक्के घ्यायचं ठरवलं, १३,४८३ कोटींना, नंतर हिस्सा अजून वाढवायला रिझर्व्ह बँकेची परवानगीही मिळाली. डिसेंबरमध्ये मित्सुबिशी यूएफजेने श्रीराम फायनान्समध्ये २० टक्क्यांचा सौदा जाहीर केला. म्हणजे वर्षभरात तीन मोठे व्यवहार, आणि तिन्हींत परदेशी बँकेने स्वतःचा बोर्ड लावून शाखा उघडली नाही, चालू असलेल्या भारतीय संस्थेत पैसे घातले. आता यावर दोन टोकाची मतं ऐकायला येतात. एक, बघा, आपल्या बँका परदेशी लोकांच्या घशात चालल्या. दुसरं, जगाचा भारतावर विश्वास बसला, टाळ्या. मला दोन्ही पटत नाहीत, आणि का ते जरा पसरट लिहितो, कारण विषयच पसरट आहे.

आधी भावनेचा मुद्दा उरकून टाकू. दक्षिण महाराष्ट्रातल्या खासगी बँकांची यादी काढा. कुरुंदवाडची गणेश बँक, २००६ मध्ये फेडरल बँकेत गेली. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न, त्याच वर्षी आयडीबीआयमध्ये. सांगली बँक, २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये. तिन्ही घेणाऱ्या भारतीय. युनायटेड वेस्टर्नच्या वेळी तर ठेवीदारांवर पैसे काढायची मर्यादा लागली होती, नोकरदार, पेन्शनर सगळे हवालदिल. पुढे पाट्या बदलल्या, जुने मॅनेजर रिटायर झाले, आणि 'आपली बँक' म्हणजे काय ते सांगायला कोणी उरलं नाही. मालक केरळचा असो, मुंबईचा असो की दुबईचा, मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याला फरक एवढाच की त्याची फाइल कुठे पास होते. त्यामुळे झेंड्यावरून रडण्यात अर्थ नाही, रत्नाकर बँक मनाने कोल्हापूर सोडून बरीच वर्षं झाली.

मग प्रश्न काय आहे? माझ्या मते प्रश्न हा आहे की परदेशी बँकेला इथे जुळवून घेता येतं का, असं आपण उगाच विचारत बसतो. येतं. दीडशे-पावणेदोनशे वर्षं त्या तेच करतायत. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली त्याच वर्षी, १८५३ मध्ये, मुंबईत मर्कंटाइल बँक सुरू झाली, जी पुढे १९५९ मध्ये एचएसबीसीने घेतली. चार्टर्ड बँक १८५८ मध्ये आली, आज तिला स्टँडर्ड चार्टर्ड म्हणतात. फोर्टात त्या दगडी इमारती अजून उभ्या आहेत. इंग्रज असताना या बँकांना एक्स्चेंज बँका म्हणायचे, कापूस, अफू, चहा, ज्यूट यांच्या हुंड्या आणि परकीय चलन, एवढाच धंदा. इंग्रज गेले, १९४९ चा बँकिंग कायदा आला, १९६९ ला इंदिरा गांधींनी १४ मोठ्या बँका सरकारी केल्या आणि परदेशी बँकांना हात लावला नाही, मग त्या शहरातल्या चार श्रीमंत ग्राहकांच्या बँका झाल्या. १९८७ मध्ये देशातलं पहिलं एटीएम मुंबईत एचएसबीसीने बसवलं. १९९० च्या सुमाराला सिटीने क्रेडिट कार्डाची सवय लावली. जुळवून घेणं त्यांच्या रक्तात आहे हो.

इतकं की कधी कधी जरा जास्तच जुळवून घेतात. १९९२ चा हर्षद मेहताचा घोटाळा आठवा. त्यात फक्त आपल्या सरकारी बँका भोळसटपणे अडकल्या असा एक समज आहे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने जे बाहेर काढलं त्यात स्टँडर्ड चार्टर्ड, सिटीबँक, एएनझेड ग्रिंडलेज, बँक ऑफ अमेरिका ही सगळी मंडळी होती. सरकारी रोखे प्रत्यक्ष हातात न येता नुसत्या बँकर्स रिसीटवर, म्हणजे रोखे नंतर देऊ अशा पावतीवर, सौदे करायचे, मधे ब्रोकर ठेवायचा, ब्रोकरच्या खात्यात चेक जमा करायचा, ही इथली 'पद्धत' त्यांनी फार पटकन आत्मसात केली. नॅशनल हाउसिंग बँकेचे चेक ग्रिंडलेजने मेहताच्या खात्यात जमा केले आणि तो वाद कोर्टात पुढे दहा वर्षं चालला. लंडन-न्यूयॉर्कला जे केलं असतं तर नोकरी गेली असती ते इथे 'लोकल मार्केट प्रॅक्टिस' म्हणून खपून गेलं. त्यामुळे परदेशी बँकेने इथल्या वातावरणाशी जुळवून घेतलं असं कोणी कौतुकाने सांगायला लागलं की मी आधी विचारतो, नेमकं कशाशी?

तर जुळवून घेणं जमतं. टिकून राहणं जमत नाही, कारण टिकायचं की नाही हे मुंबईत ठरत नाही. माझा सगळा मुद्दा हा आहे. आणि त्याचं सगळ्यात भारी उदाहरण आरबीएलच्याच पोटात आहे.

बघा कसं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बँक ऑफ अमेरिकेने भारतातला किरकोळ ग्राहकांचा धंदा बंद करायचं ठरवलं आणि तो डच एबीएन ॲम्रोला विकला. २००७ मध्ये एबीएन ॲम्रोचे युरोपात तुकडे झाले, भारतातला धंदा रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडकडे गेला. २००८ मध्ये ही आरबीएसच बुडायला आली, ब्रिटिश सरकारला हजारो कोटी पौंड घालून वाचवावी लागली, आणि लंडनने सांगितलं की बाहेरचे पसारे आवरा. मग २०१० मध्ये एचएसबीसीशी सौदा ठरला, दोन वर्षं लटकला, २०१२ मध्ये मोडला. शेवटी २०१३ मध्ये क्रेडिट कार्ड, घरकर्ज आणि छोट्या व्यवसायांचा धंदा कोणी घेतला? आपल्या कोल्हापूरच्या रत्नाकर बँकेने. म्हणजे सुरुवातीपासून कार्ड न बदलता शांत बसलेला एखादा ग्राहक असेल तर तो अमेरिकन, डच, स्कॉटिश, कोल्हापुरी असा फिरत आता दुबईच्या दारात आलाय, आणि यातल्या एकाही बदलात त्याची, त्याच्या शहराची किंवा भारतातल्या धंद्याची काही चूक नव्हती! कारण प्रत्येक वेळी शार्लट, ॲमस्टरडॅम नाहीतर एडिनबरामधल्या मुख्यालयातलं होतं.

सिटीबँकेचंही तेच. १९०२ पासून इथे. एप्रिल २०२१ मध्ये न्यूयॉर्कहून जाहीर झालं की १३ देशांतला ग्राहक बँकिंगचा धंदा सोडतोय, त्यात चीन, ऑस्ट्रेलिया, रशिया, पोलंड आणि भारत, सगळे एका यादीत. भारतातला धंदा काय तोट्यात नव्हता. तीसेक लाख ग्राहक होते, कार्डावर लोक भरपूर खर्च करायचे. पण जगभरात जिथे आपण पहिल्या दोनचारात नाही तिथून निघायचं, असं धोरण ठरलं की मग एकेका देशाचं वेगळं काही चालत नाही. ॲक्सिसने तो घेतला, मार्च २०२३ मध्ये ११,६०३ कोटींना व्यवहार पुरा झाला. गंमत म्हणजे त्या आधी काही वर्षं सिटीचा जगाचा प्रमुख नागपुरात जन्मलेला विक्रम पंडित होता, आणि एचडीएफसी बँक ज्यांनी उभी केली ते आदित्य पुरी सिटीतूनच आले होते. माणसं तयार करायची शाळा म्हणून परदेशी बँका इथे उत्तम चालल्या, त्यांच्याच माजी विद्यार्थ्यांनी त्यांना बाजारातून हुसकलं.

यावर बँकवाले लोक म्हणतात की आम्ही जातो कारण इथले नियम. प्रायॉरिटी सेक्टर, ४० टक्के कर्ज शेती, लघुउद्योग, दुर्बल घटक यांना द्यायचं, आमच्या शाखा नरिमन पॉइंटला, आम्ही कुठे जाऊन सोयाबीनवाल्याला कर्ज देणार. तक्रार ऐकायला रास्त वाटते. पण प्रत्यक्षात काय होतं ते बघण्यासारखं आहे. २० पेक्षा कमी शाखा असलेल्या परदेशी बँकेला त्या ४० पैकी ३२ टक्क्यांपर्यंत निर्यातीची कर्जं दाखवता येतात, म्हणजे जो धंदा ती तशीही करणार होती तोच. उरलं त्यासाठी २०१६ पासून रिझर्व्ह बँकेने सर्टिफिकेटांचा बाजार काढलाय, पीएसएलसी, म्हणजे प्रायॉरिटी सेक्टर लेंडिंग सर्टिफिकेट. रिझर्व्ह बँकेच्या ई-कुबेर पोर्टलवर हा सौदा होतो, २५ लाखांचा एक लॉट. एखाद्या स्मॉल फायनान्स बँकेने किंवा ग्रामीण बँकेने अल्पभूधारकांना टार्गेटपेक्षा जास्त कर्ज दिलेलं असतं, ती त्याचं सर्टिफिकेट विकते, बीकेसीतली परदेशी बँक प्रीमियम भरून विकत घेते. कर्ज हलत नाही, जोखीम हलत नाही, शेतकऱ्याला पत्ताही नसतो की त्याचं पीककर्ज कागदावर कोणाच्या खात्यात मोजलं गेलं. आणि ३१ मार्चला सगळी सर्टिफिकेटं संपतात, पुढच्या वर्षी पुन्हा नवी घ्या. याच्यापेक्षा सोयीचा नियम अजून कसला पाहिजे? मी याला वाईट म्हणत नाही, ज्याला गावात कर्ज देता येतं त्याला त्याचे पैसे मिळतात, ठीकच आहे. पण मग नियमांनी गळा दाबला असं रडगाणं तरी गाऊ नये.

उलट नियम कडक असला आणि पळवाट नसली की त्या किती मुकाट्याने वळणावर येतात ते आपण पाहिलंय. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की पेमेंटचा सगळा डेटा भारतातच ठेवायचा, सहा महिन्यांत. केवढा आरडाओरडा झाला, अशक्य आहे, खर्च वाढेल. २०२१ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस, डायनर्स, मग मास्टरकार्ड यांना नवीन ग्राहक घ्यायलाच बंदी घातली. अमेरिकन एक्स्प्रेसवर ती ऑगस्ट २०२२ पर्यंत होती. तेवढ्या काळात जे अशक्य होतं ते सगळं शक्य झालं आणि बंदी उठली.

आता दुसऱ्या बाजूचं उदाहरण घेतो, कारण सगळ्यांना एका मापात बसवणं बरोबर नाही. सिंगापूरची डीबीएस. १९९४ पासून मुंबईत, बरीच वर्षं कंपन्यांचीच बँक. २०१६ मध्ये त्यांनी डिजिबँक काढली, शाखा नाही, कागद नाही, फोनवर खातं. आणि केवायसीसाठी काय डोकं चालवलं तर कॅफे कॉफी डेशी टाय-अप. तुम्ही कॉफी प्यायला गेलात की तिथेच आधारवर अंगठा लावायचा, झालं खातं. तेव्हा भारी वाटलं होतं, आता बँका बंद, कॉफीशॉपच बँक. मग सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाचा आधारचा निकाल आला, खासगी कंपन्यांच्या ई-केवायसीवर गदा आली, ज्या पायावर सगळं उभं केलं तो एका दिवसात हलला. नंतर कायदा बदलून बँकांना ती वाट परत मिळाली ते वेगळं. पण तोपर्यंत डीबीएसला बहुतेक कळून चुकलं होतं की या देशात नुसत्या ॲपवर भागत नाही, काउंटरमागे माणूस लागतो.

२०१९ च्या मार्चमध्ये त्यांनी भारतातला धंदा वेगळ्या भारतीय कंपनीत टाकला. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तामिळनाडूतल्या करूरची १९२६ सालची लक्ष्मी विलास बँक बुडाली तेव्हा रिझर्व्ह बँकेने ती डीबीएसच्या गळ्यात घातली, म्हणजे डीबीएसने आनंदाने घालून घेतली. ५६३ शाखा! चार वर्षांपूर्वी शाखा नको म्हणणारी बँक. सिंगापूरहून २,५०० कोटी आणले. १७ नोव्हेंबरला ठेवीदारांवर २५ हजारांची मर्यादा लागली आणि २७ ला उठली. दहा दिवस.

हे दहा दिवस मुंबईकराने पीएमसी बँकेच्या शेजारी ठेवून बघावेत. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसीच्या ठेवीदारांना सांगितलं की फक्त हजार रुपये काढता येतील. नंतर मर्यादा थोडी थोडी वाढवली, पण पुढची दोन-सव्वादोन वर्षं लोक रस्त्यावर, कोर्टात, मंत्र्यांच्या गाडीमागे. जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, पाच लाखांपर्यंतचे पैसे विम्यातून, त्यावरची रक्कम दहा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने. गुरुद्वारांचे, हाउसिंग सोसायट्यांचे, म्हाताऱ्या माणसांचे पैसे. पूर्ण देशी बँक, देशी संचालक, कर्ज बुडवणारा बिल्डरही देशी. तेव्हा कोणी म्हणायला लागलं की परदेशी मालकापेक्षा आपला बरा, तर जरा आजूबाजूला विचारून यावं.

लक्ष्मी विलासच्या भागधारकांना मात्र शून्य मिळालं, सगळं भांडवल पुसलं गेलं, ३१८ कोटींचे बाँडही गेले, आणि त्यावर आरडाओरड झाली ती समजू शकतो. डीबीएसला ५६३ शाखा फारच स्वस्तात पडल्या असं मलाही वाटतं. पण ठेवीदार आधी, भागधारक मागून, हा क्रम बरोबरच आहे.

दोन्ही प्रकारांत फरक काय? सिटी, आरबीएस, बार्कलेज यांच्या भारतात 'शाखा' होत्या, म्हणजे कायद्याने ती लंडन-न्यूयॉर्कच्या बँकेचीच एक खोली. लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा आणि फ्लॅट घेऊन राहणारा यात जो फरक असतो तोच. अकरा महिन्यांनी सामान भरून जाणारा भिंतीला खिळा पण विचारून ठोकतो आणि सोसायटीच्या मीटिंगला कधी येत नाही. डीबीएसने फ्लॅट घेतला, म्हणजे स्वतंत्र भारतीय कंपनी, भांडवल इथे अडकलेलं, संचालक मंडळात निम्मे तरी भारतीय. उद्या सिंगापूरला काही झालं तरी इथलं भांडवल इथल्या ठेवीदारांसाठी राहतं. रिझर्व्ह बँकेने हा मार्ग नोव्हेंबर २०१३ मध्येच नीट लिहून दिला होता, ५०० कोटी भांडवल, एक चतुर्थांश शाखा बँक नसलेल्या ग्रामीण भागात, त्या बदल्यात जवळजवळ भारतीय बँकेसारखी वागणूक, रूपांतरावर करमाफीही. तरी पूर्ण मालकीची कंपनी करून चालवायला पुढे आल्या किती, तर डीबीएस आणि मॉरिशसची एसबीएम. चाळीसेक परदेशी बँकांतून दोन.

का नाही आल्या, हे बँकेत काम करणारा कोणीही सांगेल. शाखा असली की मूळ बँकेच्या जोरावर मोठ्या कंपन्यांशी बोलता येतं, नफा दरवर्षी घरी नेता येतो, स्थानिक बोर्डाची कटकट नाही, गावात शाखा उघडायला नको. कर जास्त लागतो, परदेशी कंपनीला २०२४ च्या बजेटनंतर ३५ टक्के, वर सरचार्ज-सेस वेगळा, आणि भारतीय कंपनीला सरचार्ज-सेस धरून सव्वापंचवीसच्या आसपास, एवढा फरक असूनही त्यांना शाखाच परवडते. यातच सगळं आलं. पळायची वाट मोकळी ठेवायला त्या दरवर्षी नफ्यावर दहा टक्क्यांहून अधिक जादा कर भरायला तयार आहेत.

आता कोणी म्हणेल की मग त्यांना सक्ती करा. २०१३ च्या नियमात ऑगस्ट २०१० च्या आधी आलेल्या बँकांवर सक्ती नाही, आणि मोठ्या सगळ्या त्याआधीच्याच. मला वाटतं इथे रिझर्व्ह बँकेने हात आखडता घेतला. ज्या परदेशी बँकेला सामान्य लोकांच्या ठेवी घ्यायच्या आहेत, पगार खाती उघडायचीयत, कार्डं वाटायचीयत, तिला कंपनी करणं बंधनकारक असावं, मग ती १८५८ ला आलेली असो नाहीतर परवा. फक्त कंपन्यांशी व्यवहार करायचाय, डॉलर-रुपया, लेटर ऑफ क्रेडिट, गॅरंटी, त्यांनी खुशाल शाखा म्हणून राहावं, टाटा-रिलायन्सला स्वतःची काळजी घेता येते. एचएसबीसीला २०२५ च्या सुरुवातीला २० नव्या शहरांत शाखा उघडायला परवानगी मिळाली, त्यात नाशिक, नागपूर, नवी मुंबई आहेत. चांगलंच आहे, नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराला रॉटरडॅमचे पैसे लवकर आले तर कोणाला नको आहे. पण तिथे एनआरआय पोरांच्या आईवडिलांच्या ठेवी पण घेतल्या जाणार, आणि त्या वेळी शाखा आणि कंपनी यातला फरक काउंटरवर कोणी समजावून सांगणार नाही.

पुण्यात राहणाऱ्यांना याचा एक वेगळाच अनुभव आहे. बार्कलेजने २००७ मध्ये भारतात किरकोळ बँकिंग धडाक्यात सुरू केलं, पर्सनल लोन वाटली, २००८ चं वादळ आलं आणि तीनचार वर्षांत गाशा गुंडाळला. आज खराडीत संध्याकाळी सातला जाऊन बघा, बार्कलेजची आयडी गळ्यात घातलेली पोरं बसची वाट बघत उभी असतात, सिटीची, यूबीएसची, बीएनवाय मेलनची, तिकडे येरवड्याला डॉइश बँकेची. हजारोंनी. लातूर, जळगाव, कऱ्हाडहून आलेली, लंडनच्या माणसाचं घरकर्ज मंजूर करणारं सॉफ्टवेअर लिहितात आणि स्वतःचं घरकर्ज स्टेट बँकेतून घेतात. बँकेने ग्राहक म्हणून भारत सोडला आणि कारखाना म्हणून भारत धरला, जुळवून घेणं म्हणतात ते हे! यात तक्रार नाही, पगार चांगले आहेत, शहर त्यावर चाललंय. पण 'अमुक बँक भारतावर मोठा विश्वास ठेवून आहे' अशी जाहिरात वाचताना विश्वास कुठल्या प्रकारचा ते बघावं.

नफा बाहेर जाईल, हा आक्षेप राहिला. जाईल ना. पण आधी भांडवल आत येतंय, आणि आपल्या बँकांना ते पाहिजे, सरकारने किती वर्षं करदात्यांच्या पैशातून बँकांची भांडवली भरती केली ते विसरलो का आपण? शिवाय खासगी बँकेत परकीय हिस्सा ७४ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही आणि एकट्या भागधारकाचा मतदानाचा हक्क २६ टक्क्यांवर थांबतो, म्हणजे ६० टक्के पैसे घालून २६ टक्के मत. मला ही मर्यादा थोडी अतीच वाटते खरं तर. ज्याने पैसे घातले त्याला जबाबदार धरायचं असेल तर त्याला अधिकार पण द्या, नाहीतर उद्या काही बिघडलं की तो म्हणणार, आमचं कुठे काय चालत होतं. मतं द्या आणि बदल्यात भांडवल बांधून घ्या.

म्हणून आरबीएल-एमिरेट्सचा मार्ग मला सिटीच्या मार्गापेक्षा बरा वाटतो. बँक भारतीय कंपनीच राहते, शेअर बाजारात राहते, एमिरेट्सच्या इथल्या शाखा तिच्यातच मिसळणार आहेत. आखातातून पैसे पाठवणाऱ्या माणसाला याचा उपयोग आहे, रत्नागिरी-रायगडातली किती घरं त्यावर चालतात. एक भीती आहे ती वेगळी, की मोठा मालक आला की बँक मोठ्या कर्जांच्या आणि श्रीमंत खात्यांच्या मागे लागते, आणि इचलकरंजीचा पॉवरलूमवाला, ज्याचा बॅलन्सशीट कधी सुंदर नसतो, त्याची फाइल 'स्कोअर कमी' म्हणून कॉम्प्युटरच परत पाठवतो. हे आरबीएलच्या बाबतीत दुबई यायच्या आधीच बरंचसं झालंय म्हणा.

मग करायचं काय तर परवानगी देतानाच जायची वाट लिहून घ्यायची. मोठ्या बँकांकडून बुडण्याच्या वेळचा आराखडा मागायची पद्धत जगात आहे, पण मी बुडण्याबद्दल बोलत नाहीये, धडधाकट असताना कंटाळून निघून जाण्याबद्दल बोलतोय, कारण इथे बहुतेक वेळा तेच झालंय. सिटीने जातो म्हटल्यापासून शेवटची कार्डं ॲक्सिसच्या सिस्टिमवर जाईपर्यंत, एप्रिल २०२१ ते जुलै २०२४, सव्वातीन वर्षं लागली, आणि तो व्यवस्थित झालेला व्यवहार होता, घेणारा तगडा होता. आरबीएसच्या ग्राहकांना एचएसबीसी घेणार, नाही घेणार, कोण घेणार हे दोन वर्षं माहीत नव्हतं. तेव्हा किरकोळ ठेवी आणि कर्जं असलेल्या कुठल्याही परदेशी मालकाने निदान तीन वर्षांची नोटीस द्यावी, त्या काळात इथला नफा बाहेर नेऊ नये, फिक्स्ड डिपॉझिट आणि घरकर्जाच्या अटी नव्या बँकेने मुदत संपेपर्यंत बदलू नयेत, लॉकर आणि नॉमिनीची कागदपत्रं ग्राहकाला परत भरायला लावू नयेत, एवढं लायसन्समध्ये छापून टाकावं. ज्याला खरंच राहायचंय त्याला ही अट जड जाणार नाही. आणि युनायटेड वेस्टर्नच्या वेळी ज्यांनी रांगा लावल्या त्यांना विचाराल तर ते म्हणतील, हीच अट देशी बँका एकमेकींना गिळतात तेव्हाही लावा, त्यांनी काय घोडं मारलंय.